दुपारचा लॅपटॉप

सूनबाईच्या लॅपटॉपला दोन तोंडं आहेत, हे घरात आधी माझ्या लक्षात आलं. मुलाच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं. त्याला ताटात मीठ कमी आहे हेसुद्धा दुसऱ्याने सांगावं लागतं.

लॅपटॉप तिच्या विमा कंपनीचा. घरी बसून ती लोकांचे दावे तपासते. सकाळी उघडला की निळा, मधोमध कंपनीचं चिन्ह. त्यावर आपल्याला काहीएक बदलता येत नाही, मागचं चित्रसुद्धा नाही, असं तिनेच लग्नानंतर हसत हसत सांगितलं होतं. पण दुपारी मी आडवी झाले की ती तो बंद करायची, पुन्हा सुरू करायची, आणि तेव्हा तो हिरवा उघडायचा. चिन्ह गायब. बाजूला करंगळीच्या पेराएवढी काळी काडी खोचलेली. मी डोळे मिटते म्हणजे झोपते असं नाही.

चार इयत्ता शिकले मी, पण पडदे शिवून हे दुमजली घर उभं केलं आहे. मशीनवर मान खाली असली तरी पाठीमागे कोण काय करतं ते मला कळतं.

आधी वाटलं, कुणाशी बोलत असेल. पण ओठ हलत नव्हते, गालातल्या गालात हसणं नव्हतं. मग एकदा पाणी घ्यायच्या निमित्ताने मागून गेले, तर त्या हिरव्यावर रेघांचं घर. खोल्या, जिना, ओटा. चाहूल लागताच तिने झाकण खाली केलं.

"आई, हाक मारायची ना, पाणी मी दिलं असतं."

आवाज इतका गोड की माझी खात्रीच पटली. नवं घर बघताहेत. माझ्या एकुलत्या एका मुलाला घेऊन ही वेगळी निघणार. मुलाला विचारलं, तर तसं काही असतं तर सांगितलं नसतं का, म्हणाला आणि मोजे शोधायला लागला. मोजे पायात होते.

शुक्रवारी दुपारी खाली पार्सल आलं, ती सही करायला गेली. लॅपटॉप हिरवा, उघडा. ते घर काडीत आहे एवढं मी ताडलं होतं. काडी उपटली आणि कमरेच्या पिशवीत, कोठीच्या किल्ल्यांसोबत टाकली. स्क्रीन जागच्या जागी गोठली, मग काळी झाली.

ती वर आली आणि तिचा चेहराच उतरला. तिने पुन्हा सुरू केला, तर हिरवाही नाही आणि निळाही नाही. लॅपटॉप कसलासा लांबलचक आकडा मागायला लागला. तो आकडा फक्त ऑफिसकडे असतो. तिने फोन केला, मी मशीनचा पाय थांबवून ऐकलं. आकडा मिळाला, पण सोमवारी माणूस तपासायला येईल असंही कळलं.

शनिवारी तिने गादी उचलून पाहिली, बटणांचा डबा पालथा केला. मला विचारलं नाही. काय शोधतेस, असं मीही विचारलं नाही. संध्याकाळी मात्र माझ्या कमरेकडे बघत म्हणाली, "सापडली नाही तरी चालेल, आई. ऑफिसच्या माणसाला सापडली तर माझी नोकरी जाईल."

मग सगळं सांगितलं. त्या काडीत तिचा स्वतःचा सगळा कारभार आहे. काडी लावली की लॅपटॉपचं अंग तेवढं कंपनीचं, आतलं सगळं हिचं. काढली की मागमूस नाही. कंपनीला हे चालत नाही. मी ऐकून घेतलं. मनात म्हटलं, नोकरी गेली की नवं घरही गेलं. म्हणजे मला फक्त पिशवीत हात घालायचा होता.

सोमवारी माणूस आला. कोवळी दाढी, अंगाला अत्तर. मला आजी म्हणाला आणि माझ्याच खुर्चीत बसला. लॅपटॉप उघडून बराच वेळ खुडबुड केली. म्हणाला, कुणी तो बाहेरचं काही लावून सुरू केला आणि तो मध्येच बंद पडला की असा आकडा मागतो. घरात अजून कोण वापरतं? सूनबाई माझ्याकडे बघेना. मी पिशवीची दोरी सैल केली होती, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात, एखादा पेन ड्राइव्ह इकडे तिकडे पडलाय का बघतो म्हणत त्याने माझ्या शिलाई मशीनचा ड्रॉवर ओढला.

"तो ड्रॉवर माझा आहे," मी म्हणाले. "तुझ्या कंपनीचा लॅपटॉप उलटा कर, सुलटा कर. माझ्या घराची झडती घ्यायला तुला कुणी पाठवलं?"

"तसं नाही आजी, पण हे आपोआप होत नाही."

"मी केलं. फडक्याने पुसत होते, बंद पडला. मग चालू होईपर्यंत दिसेल ते बटण दाबलं."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि लगेच पटलं त्याला. कमी शिकलेल्या बाईने सांगितलेलं शहाणपण कुणाला पटत नाही, मूर्खपणा ताबडतोब पटतो. घरातल्या वयस्कर व्यक्तीकडून चुकून, असं मोठ्याने बोलत त्याने टाइप केलं. जाताना सूनबाईला सांगून गेला, लहान मुलं आणि म्हाताऱ्यांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. तेही गिळलं.

दार लागल्यावर काडी टेबलावर ठेवली.

"दाखव. कुठे निघालात ते बघू दे."

"यावर नको. आता लक्ष ठेवतील."

तिने मुलाचा जुना लॅपटॉप काढला. तो जरा वेळ चालतो, मग तापून बंद पडतो. काडी खोचली आणि त्यातही तेच हिरवं उघडलं. बघा, कुठल्याही घरात आपलाच संसार थाटणारी वस्तू.

रेघांचं घर आलं. जिन्यात तिरकी खिडकी होती. त्या खिडकीच्या पडद्याला माझं कापड दोनदा वाया गेलंय.

"हे माझं घर आहे."

"हो. आम्ही कुठे जात नाही, आई. वर वेगळा ओटा आणि बाहेरून जिना, बस. मी डबा हलवला की तुम्ही संध्याकाळपर्यंत तो परत जागेवर नेता. मला माझे डबे हवे तिथे ठेवायचेत."

"परत नेते, कारण त्यांची जागा तीच आहे."

ती हसली. मी नाही. आतल्या जिन्याच्या तोंडाशी जाड रेघ होती, म्हणजे भिंत. ती मी बोटाने चाचपली.

"भिंतीत दार कुठे आहे?"

लॅपटॉपचा पंखा घुमायला लागला.

"काढ दार. तापतोय तो."

तिने भिंतीत दार आखलं.

"कडी माझ्या बाजूने."

"दोन्ही बाजूंनी," ती म्हणाली, आणि माझ्याकडे सरळ पाहिलं.

मी मान डोलावली. तिने दोन्हीकडे कड्या आखल्या, जपून ठेवलं म्हणाली. मी ते चित्र मोठं करायला लावलं आणि दोन्ही आहेत ना, ते पाहून घेतलं.