संस्कृतीचा ठिपका

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या दिवशी मरियाबाई आल्या नाहीत. मुलांनी वर्ग झाडला, पाणी भरून ठेवले आणि पायरीवर बसून रस्त्याकडे पाहत राहिली. बाईंच्या ऐवजी शाळा समितीचे अध्यक्ष भिमाजी आले. हातात मोबाईल होता. 

"पोरांनो, घरी जा. बाई गेल्या. श्रीरामपूरला, दवाखान्यात."

धाकट्या मुलांना वाटले, बाई दवाखान्यात गेल्या म्हणजे बऱ्या होऊन परत येतील. मोठ्यांना कळले. ती रडू लागली, मग धाकटीही रडली.

मित्रांनो, हे सगळे मी भिंतीला टेकून ऐकले. मी बाभळीचा पाट. पाथर्डीकडच्या एका वाडीवरच्या आसाराम सुताराने मला तासला आणि हदग्यासाठी शाळेला दिला. नवरात्र आले की मला अंगणात मांडायचे, माझ्यावर हत्ती काढायचा आणि मुलींनी माझ्याभोवती फेर धरायचा. इथल्या शाळेत एकच शिक्षक असतो. मरियाबाई नव्याने आल्या तेव्हा त्यांना हत्ती नीट काढता येत नव्हता. खडूचा रोज पुसला जाई, म्हणून त्यांनी रंगानेच काढला.

"बाई, ह्याची सोंड शेपटावानी झाली!" एक पोरगी ओरडली.

"मग पुढं एक, मागं एक, दोन शेपट्या समज," बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून मी 'दोन शेपट्यांचा' झालो.

पुढे बाईंनी एक रीत पाडली. ज्या मुलाला वाचता येईल, त्याने पांढऱ्या रंगात बोट बुडवून हत्तीच्या झुलीवर एक ठिपका द्यायचा. परीक्षा त्या स्वतः घेत. पुस्तकातला धडा त्या चालू देत नसत, कारण मुले धडे पाठ करून घडाघडा म्हणतात आणि ते वाचल्यासारखेच वाटते. बाई फळ्यावर नवे वाक्य लिहीत. 'तुझ्या शेळीने माझी चप्पल खाल्ली.' वाचून मूल हसले, की बाई रंगाची वाटी पुढे करत. नुसते वाचले आणि हसले नाही, तर म्हणत, "आलास जवळ. अजून थोडं."

दर वर्षी झूल भरत गेली. आया हदग्याला येत आणि आपल्या लेकराचा ठिपका शोधत. अक्षर न येणाऱ्यांनाही तो वाचता येई.

संस्कृती नावाच्या पोरीचा ठिपका तेवढा नव्हता. तिचे आईबाप ऊसतोडीला जात आणि तिला बरोबर नेत. तिकडे ती धाकट्या भावाला सांभाळी. परत येईपर्यंत सगळे विसरलेले असे. यंदा हदग्याच्या दिवशी बाईंनी तिच्या बापाला, वैजनाथला, माझ्याजवळच गाठले.

"वैजनाथ, यंदा पोरगी आजीपाशी ठेवा."

"बाई, वाचाया लागली तर ठिवतो. न्हाई लागली तर हितं ठिवून काय करू? तिकडं पोराला तरी बघंल."

"लागलीच आहे. दिवाळीनंतर बघा."

"मला काय कळतंय वाचल्यालं? तुमी हत्तीवर ठिपका द्या, मंग मी मानतो."

सुट्टी लागायच्या दिवशी संस्कृतीने फळ्यावरचे वाक्य एकेक शब्द बोट ठेवून वाचले. चूक झाली नाही, पण हसूही आले नाही. "दिवाळीनंतर," बाई म्हणाल्या.

बाई गेल्यावर शाळेत शोकसभा ठरली. फोटो कशावर ठेवायचा, असा प्रश्न आला. हदग्याला कधी न आलेल्या भिमाजींनी मला उचलले. "बाईंचा आवडता पाट हाय. पर किती मळलाय बघा. सगळे बोटांचे डाग. असल्या पाटावर बाईंचा फोटो ठिवायचा व्हय?" त्यांनी रविवारी स्वतःच्या हाताने मला तपकिरी ऑइलपेंट दिला. दोन हात. मन लावून दिला. हत्ती गेला आणि सगळ्या मुलांचे ठिपके गेले. माझ्यावर बाईंचा फोटो आला, हार आला.

ऊसतोडीचे ट्रॅक्टर निघाले त्या सकाळी वैजनाथ पोरीला घेऊन शाळेत आला. बाईंच्या जागी शेजारच्या शाळेतले गुरुजी कधी येतात, कधी येत नाहीत. त्या दिवशी नव्हते. भिमाजींनी कुलूप काढले.

"अध्यक्ष, हत्ती कुटं हाय?"

भिमाजींनी फोटोखालच्या तपकिरी पाटाकडे पाहिले. आपण काय पुसले, हे तेव्हा त्यांना कळले असावे.

"बाईंनी जाताना ठिपका दिला आसंल तर बघावं म्हनलं."

"न्हाई दिला, अण्णा," संस्कृती बापाला म्हणाली. "पर मला येतंय." तिने कपाटातून कधी न शिकवलेले गोष्टीचे पुस्तक ओढले आणि वाचू लागली.

"वाचतीय की रं ती," भिमाजी म्हणाले.

"तुमी तर म्हननारच. पोरं कमी झाली की शाळा बंद पडतीय तुमची. आन् ह्या पोरांचं सगळं तोंडपाठच आसतंय."

ती वाचतच राहिली. गोष्टीत एका कोल्ह्याचे शेपूट दारात अडकले होते. तिथे आल्यावर ती थांबली आणि खुदकन हसली.

"हसाया काय झालं? बाईंचा फोटो हाय समूर," वैजनाथ म्हणाला. बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. त्याने तिच्या हातातले पुस्तक घेतले, नीट कपाटात ठेवले आणि तिला घेऊन गेला.

ते हसू कशाचे, हे सांगणारे माणूस फोटोत होते. मी लाकूड. मला बोलता येत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर डाग दिसले, तर पुसण्याआधी ते कोणाचे आहेत एवढे विचारा. मला कोणी खरवडले तरी हत्ती परत यायचा नाही. रंगाबरोबर ठिपकेही निघतील.

संस्कृती आता उसाच्या फडात भावाला सांभाळते. तिला वाचता येते, हे तिच्या बापाला अजून कोणीही पटवून दिलेले नाही.