पाचव्या घराचं नाव

कॉम्प्युटर दुरुस्तीत अवधूतच्या हाताला यश आहे, असं साताऱ्यात सगळे म्हणायचे. म्हणूनच तर बेटा गाफील राहिला! अठ्ठ्याण्णव साल होतं. अनंत गुरुजींच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क खरखरायला लागली होती. अवधूतनं नवी डिस्क आणली, विंडोज तिच्यावर हलवली, जुनी शेजारी जोडून ठेवली आणि चहाचा कप उचलला. "झालं की हो, गुरुजी!"

कसलं झालं न् काय! गुरुजींच्या सूनबाईंनी, शरयूवहिनींनी, गुरुजींचं लिखाण असायचं तो D ड्राइव्ह उघडला तर आत नुसत्या विंडोजच्या फायली. गुरुजींचं गाव गायब.

गाव म्हणजे कोयनेच्या धरणाखाली गेलेलं त्यांचं गाव. कुठल्या घरात कोण राहायचं, याची यादी गुरुजींनी चार वर्षं खपून टाईप केली होती. आता काचबिंदूनं डोळे गेले होते, आठवणही दगा देत होती. दुसरी प्रत नव्हती. फ्लॉपीवर ठेवा म्हणून अवधूतनंच बजावायला हवं होतं. ते राहूनच गेलं होतं.

त्यानं कप खाली ठेवला. गावावरच विंडोज उतरवली आपण, दुसरं काय! 'जुनी डिस्क आधीच गेली होती' एवढं म्हटलं की सुटका होती. पण गुरुजी त्याच्याकडे कान देऊन बसले होते, आणि त्याची जीभ रेटेना.

"गुरुजी, माझ्या हातनं पुसलं गेलं बहुतेक."

गुरुजी सुनेकडं वळले. मग म्हणाले, "शरयू, वही घे. पहिलं घर कोंडीबाचं. मग त्याच्या थोरल्याचं. मग बिराप्पा, नाथाजी. पाचवं... अगं, पाचवं..."

"आठवेल, मामा. सावकाश."

"नंबरांचाच घोळ होतोय. कोंडीबाच्या थोरल्यानं मधेच घर बांधलं, तेव्हा पुढची सगळी घरं एकेक नंबर सरकली."

अवधूतनं कपाळावर हात मारला. "आयला! सरकले की नंबर!"

नवी डिस्क पुढं येऊन C झाली. जुन्या डिस्कचे भाग दोन, त्यातला जुना C झाला D. मग जुना D गेला E ला! आणि E म्हणजे सीडीचा, ही सवय इतकी मुरलेली की तिकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्यानं E उघडला. गाव जसंच्या तसं होतं.

शरयूवहिनींनी डोळ्यांना पदर लावला. अवधूतनं आधी फ्लॉपी शोधली.

"शरयू, पाचवं घर वाच," गुरुजी म्हणाले.

"लीलाबाई. एकटी. दोन म्हशी."

"लीलाबाई!" गुरुजींचा आवाज फाटला. "शाळेला जाताना रोज ताक पाजायची गं मला. तिलाच कसा विसरलो मी?"

त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"थांबू नकोस. सहावं वाच."