छातीतली शिट्टी

ठकीच्या श्वासनलिकेतल्या पेशी तपासायला आमच्याच प्रयोगशाळेत आल्या. ठकी माझी भाची. तिची आई, म्हणजे माझी ताई, गेल्या वर्षी दम्यानेच गेली. तेव्हापासून पोरीचा दमा कशालाच जुमानत नव्हता. पंपातलं स्टेरॉइड वाढवून झालं होतं. आता रोज गोळ्याच सुरू करू, असं डॉक्टर म्हणत होते. त्या गोळ्यांनी मुलांची वाढ खुंटते, हाडं ठिसूळ होतात. मला झोप लागेना.

पंपातलं औषध पेशीत शिरलं की सूज आणणारी जनुकं गप्प होतात आणि एक-दोन वेगळी हमखास जागी होतात. ठकीच्या पेशींत सगळं उलटं होतं. जी गप्प हवीत ती कोकलत होती, जी जागी हवीत ती ढाराढूर. औषध हरलं नव्हतं, ते तिथे पोचलंच नव्हतं.

माझं डोकं फिरलं. पोरीला औषध देता की नाही, म्हणून भावोजींना फैलावर घेतलं. ते बिचारे पंपावरचा उरलेल्या डोसांचा आकडा दाखवत राहिले. तो रोज बरोबर उतरत होता.

संध्याकाळी पंपाची वेळ झाली तशी मी ठकीच्या मागोमाग गेले. ती ताईच्या खोलीत शिरली. पलंगावर ताईची उशी अजून तशीच होती. ठकीने पंप हलवला, उशीजवळ धरला आणि दाबला. मग शिकवल्याप्रमाणे जरा थांबून पुन्हा दाबला.

माझा राग जागच्या जागी विरला. हे काय करतेस, म्हणून विचारलं.

"आईला देतेय," ती म्हणाली. "तिला अजून धाप लागते. मी आडवी झाले की तिची शिट्टी वाजते ना."

खोटं कशाला बोलू, त्या घरात मुक्कामी असले की मीही ती शिट्टी ऐकायचे, आणि ही ताईच, असं वाटून पांघरुणात तोंड खुपसायचे.

मी ठकीला तिथेच आडवं केलं, शिट्टी सुरू झाली तसे तिला दोन्ही कान बोटांनी घट्ट बंद करायला लावले आणि श्वास सोडायला सांगितलं. शिट्टी बाहेरून, आईची येत असती तर ती ऐकू यायची थांबली असती. ती उलट वाढली. ठकीच्या चेहऱ्यावरूनच मला ते कळलं.

"ही तुझी आहे, राणी," मी म्हणाले.

तिने कानांतली बोटं काढली आणि पंप पुन्हा हातात घेतला.

"मी औषध घेतलं तर ही थांबेल?"

"थांबेल."

"मग आईचं काहीच ऐकू येणार नाही."

मी उशीशेजारी बसले आणि तिला जवळ ओढलं. तिने पंप तोंडाशी नेला. पण दाबण्याआधी खाली ठेवला, आणि कान बंद करून शेवटचं एकदा ऐकून घेतलं.