बाटल्यांचे अंगरखे

आत्याच्या शिलाईचं नाव होतं ते फिटिंगसाठी. तिच्या हातचा कपडा अंगावर असा बसायचा, की गिऱ्हाईक आरशासमोरून हलायचं नाव घेत नसे. म्हणूनच धाकट्या भावासाठी शिवलेले हातमोजे फुकट गेले, हे तिच्या फार जिव्हारी लागलं.

भाऊ कोल्ड स्टोरेजमध्ये माल उचलायचा. बाहेर अंगाची लाही होत असली, तरी त्या जाडजूड दारापलीकडे मासळी दगडासारखी गोठलेली असे. तिथे मिळणाऱ्या हातमोज्यांत त्याचे भलेथोरले पंजे मावत नसत. हल्ली त्याच्या बोटांची टोकं पांढरीफटक पडू लागली होती. डॉक्टरांनी साफ बजावलं होतं, "पुन्हा बधीर झाली तर आत जाणं बंद. बोटं गमावून बसाल." आत्याने दुकानातली सगळ्यात जाड लोकर घेतली, बोटन् बोट मापून कातडीसारखे घट्ट मोजे शिवले. तरी पहिल्याच दिवशी भाऊ हात काखेत खुपसून परत आला.

"कापडच खोटं निघालं," आत्या म्हणाली.

"कशावरून?" भावाच्या मुलीने विचारलं. ही पोर एका जागी ठरत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. "आत्या, आपण कापडांची परीक्षाच घेऊ या ना!"

"घे की. कर त्यांना बाकावर उभं."

आत्या थट्टेने बोलली खरी, पण गोष्ट तिच्या मनात रुतली. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तिने स्टीलच्या एकसारख्या बाटल्या गोळा केल्या आणि त्यांना अंगरखे शिवले. एकीला सुती, एकीला अस्तराचं गुळगुळीत कापड, एकीला मखमल, एकीला तीच लोकर. एक बाटली मुद्दाम उघडीच ठेवली, तुलनेला. भिंगरीने हट्टाने लोकरीच्या उरलेल्या तुकड्याचा आणखी एक अंगरखा शिवला.

"हा बाटलीला शिवलास की हत्तीला?" आत्या म्हणाली.

अंगरखा सारखा घसरायला लागला, तेव्हा भिंगरीने खट्टू होऊन फटीत पिंजलेला कापूस भरला आणि गळ्याशी नाडी बांधली.

एकाच पातेल्यातलं गरम पाणी सगळ्या बाटल्यांत सारखं भरलं आणि झाकणं लावली. भाऊ कोपऱ्यात बसून बघत होता. "बाटल्यांना नवे कपडे, आणि भाऊ मात्र उघडा! चालू द्या, ताई."

"तू गप्प बस. तुझ्यापायीच चाललंय हे."

जेवणं उरकल्यावर भिंगरीने एकेका बाटलीत आपल्या प्रयोगपेटीतला थर्मामीटर बुडवला. उघडी बाटली पार निवली होती. अस्तरवाली तिच्या जरा पुढे, सुती आणि मखमलवाली आणखी थोड्या पुढे. पण आत्याची घट्ट लोकर? ती सुती कापडाला जेमतेम मागे टाकत होती! आत्याने चष्मा पुसून आकडा पुन्हा पाहिला. मग भिंगरीच्या गबाळ्या बाटलीचं झाकण उघडलं, तर आतून चक्क वाफ आली.

"थर्मामीटर बिघडलाय," असं म्हणत आत्याने पाण्यात बोट घातलं. "आई गं!"

भाऊ हसला, पण आत्या हसली नाही. "ही कापसाची करामत," ती म्हणाली. "थांब, बघतेच."

तिने पुन्हा दोन बाटल्या घेतल्या. दोन्हींना लोकर तीच आणि कापूसही तेवढाच. एकीवर मात्र तिने कापूस थापून थापून अंगरखा नेहमीसारखा चापून बसवला. दुसरीवर सैल ठेवला आणि कापूस फुलवून भरला. पाणी ओतलं आणि बसून राहिली. तोवर मशीनला तिने हातही लावला नाही.

सैल अंगरख्याची बाटली जिंकली, आणि तीही चांगल्या फरकाने.

"कापड तेच, कापूस तोच," आत्या पुटपुटली. "मग हिच्यात जास्त आहे तरी काय?"

भिंगरीने अंगरखा बोटांनी दाबून पाहिला, सोडला. तो पुन्हा फुगला. "हवाच आहे नुसती. आत अडकून बसलीय."

आत्याने सुई ओवायचं भिंग उचललं आणि लोकरीचा एक धागा उसवून त्याखाली धरला. केस न् केस वाकडातिकडा होता, एकमेकांत गुंतलेला, आणि मधे इवल्या इवल्या असंख्य मोकळ्या जागा. जणू कुणीच राहत नाही असं वाटणारं एक अख्खं गाव, आणि घराघरात हवा दार लावून बसलेली. आत्याने भिंग आणखी जवळ नेलं. जन्मभर ती हीच घरं ओढून, ताणून, इस्त्रीखाली चेपून सपाट करत आली होती, आणि लोक त्याला वा वा म्हणत होते.

"मलाही बघू दे ना, आत्या!"

"बघ, बघ. पण श्वास जपून सोड हं," आत्या हळूच म्हणाली, जणू आत कुणी झोपलं होतं.

नवे हातमोजे शिवताना तिचे हात सवयीने कापड ओढू लागत आणि तिला टाके पुन्हा उसवावे लागत. चार बोटांना मिळून एकच खोळ, अंगठा वेगळा, दोन थरांमध्ये फुलवलेला कापूस, मनगटाशी नाडी. जोडी तयार झाली तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, हे मोजे आहेत की अस्वलाचे पंजे? पोरं हसतील मला."

"हसू देत. कोणी शिवले विचारलं, तर खुशाल माझं नाव सांग."

भावाच्या कामाची पाळी संपायच्या वेळी आत्या आणि भिंगरी कोल्ड स्टोरेजच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. दार उघडलं, पांढरं धुकं जमिनीवरून सरपटत बाहेर आलं आणि त्यामागून भाऊ आला. भुवयांवर हिमाचे कण होते. आत्याने त्याचा उजवा मोजा ओढून काढला आणि बोटं उजेडात धरली.

गुलाबी होती. पाचही.

"हलवून दाखव."

त्याने हलवली, आणि वर भिंगरीचं नाकही चिमटीत धरून ओढलं.

आत्याने मोज्याकडे पाहिलं. बाहेरून त्यावर बर्फाची भुकटी चिकटली होती आणि कापड हाताला चटका बसेल इतकं गार लागत होतं. तिने सावकाश आपला हात आत सरकवला. तिथे भावाच्या हाताची ऊब अजून होती. आत्या हात न काढता तशीच उभी राहिली.