गव्हाचं पाणी

चैत्राचं ऊन गच्चीवर उतरलं होतं. पांढरं, कोरडं, करकरीत ऊन. समोरचा कडुनिंब मोहरला होता आणि नदीवरून येणारा वारा त्याचा वास गल्लीभर वाटत होता. दरवर्षी या उन्हात या गच्चीवर धुतलेली धोतरं अंथरलेली असत, आणि धोतरांवर कुरडया फुललेल्या असत, पांढऱ्या, ओल्या, गुंतलेल्या. यंदा गच्ची उघडी होती. यंदा ऊन नुसतंच पडलं होतं.

खाली, मोरीच्या कोपऱ्यात, पितळेच्या पातेल्यात गहू भिजत होते.

सोमवारी भिजत घातले होते ते अनसूयेनं. गल्लीची अनसाकाकू. सासूचं अंथरूण सात वर्षं काढणारी, दोन नणंदा उजवून देणारी. कुणाचं बाळंतपण असो, उशाशी ती. कुणाच्या घरी माणूस जावो, पिठलं-भाकरी घेऊन पहिली दारात ती. आणि तीस वर्षांत या गल्लीतली एकही मुलगी तिच्या कुरडयांवाचून सासरी गेली नव्हती. रुखवताच्या मधोमध परात, परातीत कुरडयांचा ढीग, जणू पाटावर बसवलेलं चांदणं. यंदा पाळी होती शेजारच्या शेवंताबाईच्या नलूची.

गहू तीन दिवस भिजतात. रोज सकाळी पाणी बदलायचं. मग वाटायचे, पिळायचे, पाण्यात उतरलेला पांढरा चीक खाली बसू द्यायचा, दुसऱ्या दिवशी शिजवायचा. हे सगळं तिला ठाऊक. वामनतात्यांना, तिच्या नवऱ्याला, आपलं एकच काम ठाऊक. कुरडया वाळत पडल्या की काठी घेऊन गच्चीवर बसायचं आणि कावळे हाकायचे.

मंगळवारी दुपारी तिच्या छातीत कळ आली. रिक्षात बसवताना तिनं त्यांच्या सदऱ्याची बाही धरली.

"उद्या गव्हाचं पाणी बदला हो. विसराल."

"सकाळी तू येशीलच की."

"येईन. पण बदला."

सकाळी ती आली. पण पाणी बदलायला नाही.

अंगणात बायका रडत होत्या. बाहेर कुणी बांबू तोडत होतं. तात्या उठले, मोरीत गेले, पातेलं परसात नेलं आणि धुण्याच्या काळ्या दगडावर त्यांनी गव्हाचं पाणी ओतलं. नवं पाणी घातलं. हात पुसले. मग येऊन तिच्या पायाशी बसले.

सुतकाचं घर. त्या घरातलं धान्य कुणी मागणार नाही, त्या घरात कुणी वाटण काढणार नाही. गव्हाची आठवण कुणालाच राहिली नाही. एका तात्यांना तेवढीच आठवण राहिली. बाकी सगळं हातातून गेलं होतं, हे एक हातात होतं. पहाट झाली की ते उठत. गहू चोळत, धूत, पाणी नितळ होईपर्यंत ओतत राहत. तिला सगळं स्वच्छ लागे. आंबूस वास घरभर चढला, तरी ते ओतत राहिले. नलूच्या रुखवतात तिच्या हातचं जायला हवं होतं. तिनं घातलेलं तेवढं तरी वाया जायला नको होतं.

दहाव्याला नदीकाठी पिंड मांडला. बाभळीवर कावळे बसले होते, काळे, गप्प, ओळखीचे. मुलगा म्हणाला, "आई, तात्यांना मी नेईन माझ्याकडे." कावळा हलला नाही. नणंदा बोलल्या, सुना बोलल्या. कावळा हलला नाही.

"तीस वर्षं काठी दाखवलीस त्यांना, वाम्या," बालमित्र सखाराम म्हणाला. "आता बोलावतोस, येतील होय?"

कुणीतरी हसलं. मग नदीकडे बघू लागलं.

तात्या पुढे झाले, हात जोडले. मनात म्हणाले, गहू आहेत गं. पाणी बदलतोय रोज.

ऊन वर चढलं. वाळू तापली. कावळा आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, आणि माणसं पाय झटकत घराकडे वळली.

तेराव्याला सुतक संपलं, आणि चौदाव्या दिवशी शेवंताबाई चहा घेऊन आली. तात्यांनी पातेलं ओढत तिच्यापुढे आणलं.

"शेवंता, हे बघ. तिचे गहू. एक दिवस खंड पडू दिला नाही. आता पुढचं तुम्ही बायका करा. नलूला तिच्या हातचं जाऊ दे."

शेवंताबाईनं हात घातला. मूठ वर काढली. मुठीत सालपटं होती, पोकळ, तांबूस, ओली.

"भावजी, पाणी कुठं ओतत होता?"

"परसात. दगडावर."

"चोळून?"

"नितळ होईपर्यंत."

"अहो, मग चीक सगळा त्या पाण्यातच..."

तिनं जीभ चावली. पदर तोंडाला लावला. "असू दे, भावजी. असू दे. मी नवे गहू घालते."

नवे गहू. तात्यांनी मान हलवली. ते उठून परसात गेले.

काळा दगड काळा राहिला नव्हता. तेरा सकाळींचं पांढरं त्यावर थरावर थर सुकलं होतं, उन्हानं तडकलं होतं. कडेनं ओघळ उतरले होते, बारीक, एकात एक गुंतलेले. तिची शेवटची कुरडई दगडावर पडली होती, आणि ती घातली होती त्यांच्या हातांनी.

तात्या पायरीवर बसले. शेजारी भिंतीला गच्चीवरची काठी टेकलेली होती.

कडुनिंबातून एक कावळा उतरला. दगडाच्या कडेला बसला. सवयीनं तात्यांचा हात काठीवर गेला.

हात काठीवर राहिला. काठी भिंतीला राहिली. कावळ्यानं मान वाकडी करून एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि चोच त्या पांढऱ्याला लावली.