रविवारचे दगड

घोरपड्याने हातोडा डोक्याच्या वर नेला आणि काउंटरवरच्या जुन्या हेल्मेटवर सगळ्या ताकदीनिशी घातला. फाटकन आवाज झाला, कवचाचा एक टवका उडून समोरच्या कपाटावर आपटला, आणि स्टुलावर बसलेले दाजी एकदम दिसेनासे झाले.

ते स्टुलामागे उकिडवे बसले होते. मान खांद्यांत, दोन्ही कोपरं कानांवर.

"दाजी, हेल्मेट फुटलं. तुम्ही नाही," घोरपड्या हसत म्हणाला.

"अचानक झालं ना," असं म्हणत दाजींनी चष्मा सावरला आणि पुन्हा स्टुलावर बसले.

घोरपड्या आठवडाभर या दुकानात दोर, बूट आणि हेल्मेटं विकायचा आणि रविवारी शहराबाहेरच्या दगडखाणीतल्या कड्यांवर लोकांना चढायला शिकवायचा. हातोड्याचा हा खेळ तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकासमोर करी. निम्मी माणसं नुसत्या त्या आवाजानेच महागातलं हेल्मेट घेऊन जात. आज दुपारच्या सुट्टीत शटर अर्धं खाली होतं आणि समोर ताईचा नवरा होता, तेव्हा खरं तर खेळाची काही गरज नव्हती. पण जित्याची खोड, दुसरं काय.

"मला स्वस्तातलं दे," दाजी म्हणाले. "पण आतून मऊ हवं. टोचता कामा नये."

"मऊ हवं तर उशी घ्या की. काय करायचंय हेल्मेट?"

"चढायला."

घोरपड्याने हातोडा खाली ठेवला आणि पोटभर हसून घेतलं. हा माणूस घरचा जिना उतरताना कठडा सोडत नसे. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासायचा आणि स्वतःच्या चष्म्याची काडी मात्र दोऱ्याने बांधलेली. बायको बोलली की मान डोलवायची, गप्प बसली तर आपणही गप्प बसायचं. आपल्या वाघिणीसारख्या ताईच्या पदरात ही गरीब गाय कशी पडली, याचं घोरपड्याला नवल वाटे. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटे. ताईने आयुष्यात पुष्कळ सोसलं होतं. आता तिच्यापुढे आवाज चढवणारं कोणी नव्हतं.

"बरं, घ्या. पण सायकलचं चालेल का, असं विचारू नका. सगळे विचारतात. रस्त्यावर माणूस दगडावर पडतो, कड्यावर दगड माणसावर पडतो. मार वरून येतो."

मग त्याने आपली नेहमीची गोष्ट सांगितली. एक बाई कड्याखाली चढणाऱ्याचा दोर धरून उभी होती. हेल्मेट गरम होतं म्हणून पिशवीत ठेवलेलं. वर चढणाऱ्याचा पाय सटकला आणि बटाट्याएवढा एक दगड सुटला. तो असा बसला की बाईच्या डोक्याचं कातडं केसांसकट एका बाजूला लोंबायला लागलं आणि रक्त मानेवरून पाठीत, पाठीतून बुटात गेलं. तरी बाईने दोर सोडला नाही. ही गोष्ट ऐकताना गिऱ्हाइकं तोंड वाकडं करत. दाजी मात्र पुढे सरकून लक्ष देऊन ऐकत होते.

"म्हणजे जखम लांबट होते? चिरल्यासारखी?" त्यांनी विचारलं.

"छे. दगडाने ठेचतं. चीर पडायला धार लागते."

"पण दगडालाही धार असते की एखाद्या."

"असते एखाद्याला. का?"

"सहज," दाजी म्हणाले.

पहिलं हेल्मेट फोमचं होतं, पिसासारखं हलकं, वारा खेळायला भोकं ठेवलेलं. दाजींनी किंमत वाचली आणि चटका बसल्यासारखं ते खाली ठेवलं. दुसऱ्याला बाहेरून कडक कवच आणि आत पट्ट्यांची जाळी होती. जरा वजनदार, पण दगडाला दाद देणार नाही, आणि किंमत पहिल्याच्या एक तृतीयांश. घोरपड्याने ते दाजींच्या डोक्यावर बसवलं, कपाळ झाकेल एवढं पुढे घेतलं आणि डोकं हलवायला सांगितलं. हेल्मेट डगडगलं.

"आता पट्ट्यांचं मागचं चाक आवळतो. घट्ट नको, नुसतं धरून बसलं पाहिजे."

त्याने चाक जेमतेम फिरवलं असेल. दाजींनी श्वास आत ओढला आणि स्टुलाची कड दोन्ही हातांनी गच्च पकडली. घोरपड्याने हेल्मेट उतरवून उलटं केलं, तर आतल्या पट्टीवर ओलं लाल लागलेलं.

त्याने न विचारताच त्यांचे केस बाजूला केले. कानाच्या वर बोटभर लांब, सरळ चीर होती. काळ्या दोऱ्याने शिवलेली. त्यातला एक टाका सुटला होता. त्याच्याशेजारी जुने पांढरे वण होते, केस न उगवलेले.

"हे कुठे लागलं?"

"दगड पडला."

"कुठे?"

"कड्यावर. तुझ्याबरोबर चढताना."

घोरपड्याने हेल्मेट काउंटरवर ठेवलं.

"माझ्याबरोबर तुम्ही कधी आलात?"

"दर रविवारी येतो," दाजी जमिनीकडे बघत, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसे म्हणाले. "गेल्या वर्षापासून. आमच्या चष्म्याच्या दुकानात सगळ्यांना माहीत आहे, मी मेहुण्याबरोबर चढायला जातो ते. आता तेच मागे लागलेत. इतकं लागतं तर हेल्मेट का घालत नाही म्हणून. निदान एकदा त्यांना दाखवायला तरी हवं."

घोरपड्याचं डोकं फिरलं. त्याच्या नावावर हा माणूस वर्षभर थापा मारत होता, आणि रविवारी भलतीकडे जाऊन कुणाचा तरी मार खाऊन येत होता. जुगार असेल, नाहीतर बाई असेल आणि त्या बाईचा नवरा. आणि तिकडे ताई बिचारी घरात वाट बघत बसत असणार. त्याने दाजींची कॉलर धरून त्यांना स्टुलावरून उचललं आणि मागच्या मांडणीवर आदळलं. वरच्या खणातल्या दोर अडकवायच्या लोखंडी कड्या खळाखळा दोघांच्या खांद्यांवर पडल्या.

"कोण आहे ती?"

"कोणी नाही."

"मग रविवारी जाता कुठे?"

"घरीच असतो."

"माझ्या ताईला फसवता आणि वर मलाच..." त्याने हात उगारला.

दाजींनी हात धरला नाही, ढकललं नाही, ओरडलेही नाहीत. मान खाली घातली, कोपरं कानांवर आणली, गुडघे जरासे वाकवले, अंग तिरकं करून पाठ पुढे केली आणि छातीतला श्वास सोडून दिला. सगळं एका क्षणात, सराईतपणे, नीट.

घोरपड्याचा हात वरच राहिला. घाबरलेला माणूस श्वास धरून ठेवतो. तो सोडून द्यायचा असतो, म्हणजे फटका कमी लागतो, हे फक्त रोज मार खाणाऱ्याला माहीत असतं. घोरपड्याला माहीत होतं. बापाने शिकवलं होतं, कमरेच्या पट्ट्याने, बक्कलाच्या बाजूने. पुढे त्याला पाइपवरून सरसर गच्चीवर चढता यायला लागलं आणि तो वाचला. घोरपड्या हे नाव ताईनेच ठेवलं. तो वर गेला की ती खाली उरायची. कप कोणीही फोडलेला असो, "मी फोडला" म्हणायची आणि दोघांच्या वाट्याचं एकटी घ्यायची. मग सुजल्या तोंडाने वर बघून हाक मारायची, ये रे घोरपड्या, उतर आता, झोपला तो.

त्याने हात खाली घेतला. कॉलर सोडली.

"ताई?" त्याने विचारलं.

दाजींनी कोपरं हळूहळू उतरवली.

"ती वाईट नाही रे," ते म्हणाले. "तुला माहीतच आहे. राग आला की तिला कळत नाही हातात काय आहे. मग स्वतःच रडते. टाके घालायला तीच घेऊन जाते. दगडाचंही तिनेच सुचवलं."

"कशाने मारलं?"

"इस्त्रीने." आणि मग घाईघाईने, जणू तिची बाजू लंगडी पडू नये म्हणून, "गरम नव्हती."

तेवढ्यात घोरपड्याच्या खिशात फोन वाजला. ताईचा होता. तिचं नाव बघून दाजींनी शर्ट सारखा केला.

"घेतलं का रे हेल्मेट ह्यांना?" ताई म्हणाली. "चांगलं घे, त्यांच्या चिकटपणाकडे बघू नकोस. आणि तुला काही अक्कल आहे का? केवढं लागलंय त्यांना मागच्या रविवारी. दोर धरून झोपला होतास काय?"

आवाज नेहमीचाच, अर्धा रागाचा, अर्धा लाडाचा. मग ती थांबली. एवढी बोलकी बाई, पण थांबली आणि थांबूनच राहिली. तिला काय हवंय ते घोरपड्याला कळलं. हो ताई, चुकलं माझं, एवढंच. तिने त्याच्यासाठी हे किती वेळा म्हटलं होतं, आणि म्हटल्यावर काय काय सोसलं होतं. त्याला तर नुसतं म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले.

"ताई, ते माझ्याबरोबर कधीच आले नाहीत."

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला.

"फोन त्यांना दे."

"नाही."

"मी तुझ्यासाठी किती मार खाल्लाय, आठवतंय ना?"

"आठवतंय."

"मग?"

त्याला रडू फुटलं आणि ते तिला ऐकू गेलं असणार. "आज ते माझ्याकडे राहतील," तो कसाबसा म्हणाला. फोन कट झाला होता.

"रागावली का?" दाजींनी विचारलं.

"हो."

"मग मला गेलं पाहिजे. लगेच गेलं की थोडक्यात आटपतं. उशीर झाला की अवघड होतं." ते शटरकडे निघालेही. घोरपड्या आडवा आला.

"नाही जायचं, दाजी."

"बाजूला हो."

"नाही."

दाजींनी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. माशीसुद्धा न मारलेला हा माणूस, पण ठोसा नीट बसला आणि घोरपड्याचा ओठ दातावर फाटला. दुसरा नाकावर आला. मग दाजी लाथा मारायला लागले, नडगीवर, गुडघ्यावर. त्यांचा चष्मा पडला आणि त्यांच्याच बुटाखाली चिरडला. घोरपड्याने त्यांना दोन्ही हातांनी कवेत धरलं, तरी पाठीवर बुक्क्या बसतच होत्या.

"तुला काय कळतंय तिचं," दाजी ओरडत होते. "तू गच्चीवर होतास. खाली ती होती. खाली ती एकटी होती."

घोरपड्याने सोडलं नाही. त्याच्या नाकातलं रक्त दाजींच्या खांद्यावर गळत होतं. हळूहळू बुक्क्यांतला जोर गेला आणि दाजींचा सगळा भार त्याच्या अंगावर आला.

"आत्तासुद्धा ती घरात एकटीच आहे रे," ते म्हणाले.

"मी जातो तिच्याकडे."

"तू? ती मारेल तुला."

"मारू दे."

त्याने दाजींना धरून स्टुलावर बसवलं, बाहीने तोंड पुसलं आणि वाकून शटरखालून बाहेर पडला. मग शटर पूर्ण खाली ओढून त्याने कुलूप घातलं. दाजी आतून शटरवर हात आपटत होते. त्याला थांबायला सांगत होते की तिला जपायला, ते पत्र्याच्या आवाजात नीट कळत नव्हतं. घोरपड्या ताईच्या घराकडे चालू लागला.