लखलखीत किटली

हेन्रीकाने सासूबाईंची किटली घासली, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

घासली ती आनंदाच्या भरात. दोन उन्हाळे सासू लेंपीबाई तिला 'हिला' नावाची रानबोरं वेचायला सोबत आणत होत्या, पण ती पिकतात त्या दलदलीपर्यंत नाही, अलीकडच्या ओढ्याकाठपर्यंतच. "तू जाळ कर, कॉफी ठेव, आलेच मी," म्हणायचं आणि बादल्या घेऊन झाडांत गडप व्हायचं. परत येताना बादल्या त्या सोनेरी बोरांनी काठोकाठ भरलेल्या. कुठून आणली, हे विचारायची सोय नाही. हिलाची जागा या गावात माणूस पोटच्या पोरालाही सांगत नाही. पण यंदा बाईंचा गुडघा कुरकुरत होता. काल भाजी चिरता चिरता त्या म्हणाल्या, "कुणाला तरी दाखवून ठेवायला हवी आता. बघू उद्या. तोंड आणि जाळ, दोन्ही सांभाळता येतात का तुला."

झालं! हेन्रीका तुर्कूची, शहरातली. घरी कॉफी यंत्रातून यायची. तिने पोरीला झोपवलं आणि त्या काळ्याकुट्ट किटलीवर राख घेऊन तुटून पडली.

सकाळी ओढ्याकाठी पिशवीतून किटली निघाली तेव्हा लेंपीबाई बघतच राहिल्या.

"हे काय?"

"घासली, आई. किती काळी झाली होती!"

"झाली नव्हती. केली होती. माझ्या सासूने सुरुवात केली, पुढे मी." बाईंनी किटली उन्हात फिरवली तसे दोघींच्या डोळ्यांवर कवडसे नाचले. "काजळी असली की पाणी पटकन तापतं, आणि रानात कुणाला दिसत नाही. आता मिरव ही चर्चच्या घंटेसारखी."

एवढं बोलून बाई आपल्या बादल्या उचलून गेल्या; हेन्रीकाची तिथेच पडून राहिली. दलदलीचं नावही नाही. हेन्रीकाला रडूच येणार होतं, पण पाठीवरच्या झोळीतून लेकीने, सिल्वीने, तिचे केस ओढले आणि रडायला फुरसतच उरली नाही.

बर्चच्या झाडाची साल पेटवली, ओढ्याचं पाणी भरलं, तिरक्या काठीला किटली टांगली. पाणी तापेना. ती फुंकर मारतेय, पोरगी फुंकर मारतेय, एवढ्यात मागून खणखणीत आवाज आला.

"मला वाटलं, रानात विमान उतरलं! त्या टेकाडावरून डोळे दिपले माझे."

ताइस्तोकाका! लाल टोपी, हातात मोठी बादली. लेंपीबाईंची जागा शोधायला सारा जन्म टपलेला शेजारी. हेन्रीकाने किटलीकडे पाहिलं. तिच्याच चकचकीत किटलीने बोलावून आणला होता त्याला.

"लेंपी कुठाय?"

"मला काय ठाऊक, काका? मला कुठे सांगतात."

"सुनेलाही नाही? शाब्बास लेंपी!" तो खो खो हसला आणि झाडांमधली पायवाट निरखू लागला. नेमकी तीच. "बघून येतो जरा."

"असे कसे जाल? जाळाशी आलात, कॉफी न घेता?"

ताइस्तोचा उचललेला पाय तिथेच थांबला. जाळावर किटली असताना निघून जायचं म्हणजे घरच्यांच्या तोंडावर दार आपटायचं. तो ओंडक्यावर टेकला, पण अगदी कडेला. हेन्रीकाने झोळी सोडली आणि सिल्वीला सरळ त्याच्या मांडीवर ठेवलं.

"धरा हो जरा. माझे हात राखेचे आहेत."

आता तिला घाई नव्हतीच. पाणी उकळल्यावर जाडसर दळलेली कॉफी सोडली, चिमूटभर मीठ. फेस काठाशी चढला की किटली उचलायची, बसू द्यायची, पुन्हा जाळावर. ढवळायचं नाही. दुसऱ्यांदा फेस चढला, तिसऱ्यांदा चढला. वास असा दरवळला की ताइस्तोच्या मिशा हलल्या.

"झाली की गं!"

"गाळ बसू दे की, काका. गाळ प्यायचाय का?" तिने वरून गार पाण्याचा शिपका मारला. पहिला पेला भरला आणि परत किटलीत ओतला, तोटी साफ व्हायला. लेंपीबाई करायच्या तस्संच.

काकांनी पहिला घोट घेतला. मग म्हणाले, "लेंपीची कॉफी म्हणजे डांबर. ही... हिच्यात पनीर टाक बघू."

तिने इथल्या रीतीप्रमाणे भाजलेल्या पनीराचे तुकडे लाकडी पेल्यात सोडले. सिल्वीने काकांच्या दाढीत बोटं खुपसली, जांभई दिली, आणि चक्क झोपली. काका हलेनात. मनातल्या मनात हेन्रीका नाचत होती. अशी गुणाची पोर!

इतक्यात पायवाटेवर फांदी मोडली.

"काका!" ती ओरडलीच. "ताइस्तोकाका, अजून एक पेला घ्या ना!"

"हळू! पोर उठेल," काका कुजबुजले.

पलीकडची चाहूल थबकली. हेन्रीकाने काकांचा पेला पुन्हा भरला. बराच वेळ काहीच नाही. मग लेंपीबाई आल्या, त्या उलट्या बाजूने, ओढ्याकडून, काखेत सालीचा भारा. बादल्या नाहीतच.

"ताइस्तो? मी साल सोलायला काय गेले, तू इथे दाई झालास!"

"साल?" ताइस्तोने डोळे बारीक केले. बाईंच्या बाहीवर बोरांचा पिवळा डाग होता. हेन्रीकाने पटकन काखेतला भारा काढून घेतला, पेला त्याच हातात दिला, आणि डाग पेल्याआड गेला.

"तुझी सून तुझ्याहून चांगली कॉफी करते," काका म्हणाले.

"म्हणून तर आणते. नाहीतर शहरातली पोर रानात कशाला लागते?"

तिसरा पेला संपवून, पोरगी हळूच आईकडे सोपवून, काका बाईंची पावलं ज्या बाजूने आली त्या ओढ्याच्या वाटेने लगबगीने निघाले. लाल टोपी दिसेनाशी होईतो दोघी ओठ चावून बसल्या होत्या. मग बाई अशा हसल्या, अशा हसल्या, की सिल्वी जागी झाली.

हसू आवरल्यावर त्यांनी घोट घेतला. पुन्हा घेतला. 

"डांबर म्हणे," बाई पुटपुटल्या. गाळ फेकून, किटली उलटी करून त्यांनी बुडाकडे पाहिलं. सालीच्या धुराने ते काळंभोर झालं होतं, वरचा भाग मात्र अजून लखलखत होता. त्यांनी तोच भाग आपल्या शालीत गुंडाळला आणि किटली पिशवीत कोंबली.

"अर्धी काळी झाली. उरलेली तिथे गेल्यावर करू." गुडघ्यावर हात टेकत त्या उठल्या. "बघत काय बसलीस? पोरीला बांध पाठीवर. माझ्या बादल्या झाडांत भरून ठेवल्यात, तुझी रिकामी आहे ना?"

हेन्रीकाने झोळीची गाठ मारली, ती घाईत दोनदा चुकली. बाई पायवाटेवर पुढे, ती मागे. पहिल्याच वळणावर लेंपीबाई न वळता म्हणाल्या,

"यूसोलाही सांगायचं नाही हं. नवरा असला म्हणून काय झालं."